जामीनदाराची जागा

दुकानांतले काटे तपासण्यात बावीस वर्षं गेली आणि तपासनिसांचा स्वभावच शंकेखोर झाला. बाजारात त्यांना शंकासुर म्हणत. दुकानात शिरले की ते आधी पारड्याखाली हात घालून चाचपत. तिथे चिकटवलेलं लोहचुंबक त्यांना अनेकदा सापडलं होतं. आणि एखादा काटा गिऱ्हाइकाला माल जास्त देताना दिसला, तर त्यांचा संशय दुप्पट व्हायचा. उगाच कुणी कुणाला जास्त देत नाही, असं त्यांचं ठाम मत.

अशा माणसाच्या मुलीला नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. चार वर्षांची फी म्हणजे यांचा सहा वर्षांचा पगार. गरिबांना सवलत होती, श्रीमंतांना तिची गरज नव्हती. हे आपले मधल्यामध्ये लोंबकळणारे. कर्ज काढायचं तर जामीनदार हवा, आणि हप्ते थकले की बँक त्याच्या पगाराला हात घालणार.

तपासनिसांना जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसू लागलं. बँकेतली बाई फार गोड बोलली. माहितीपुस्तकातली सगळीच्या सगळी मुलं हसत होती. शेवटी ते स्वतः कॉलेजच्या फाटकावर जाऊन उभे राहिले आणि वॉचमनला म्हणाले, "इथून बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात हो?"

"टॅक्सी पकडतात," तो म्हणाला.

घरी बायको वैतागली. ती दवाखान्यात परिचारिका, आजारी माणसांपुढे कधी न चिडणारी. "अहो, पोरीनं कष्टानं मिळवलंय. करा ना सही!"

"तेच तर! एवढ्या हजारांतून हिचाच नंबर कसा लागला?"



मग तपासनिसांनी एका दुपारी तेच केलं, जे ते कुठल्याही काट्याच्या बाबतीत करत. कॉलेजला रीतसर अर्ज पाठवला: मुलीची प्रवेशपरीक्षेची उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी, खात्री झाल्याशिवाय कर्ज घेणे धोक्याचे वाटते. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. खरं तर ते घाबरले होते. पोरगी तिथे जाऊन नापास झाली तर?

उत्तर मुलीच्या नावानं आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं ते मोठ्यानं वाचलं. "आपल्या वडिलांच्या विनंतीवरून उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. गुण बरोबर आहेत. प्रवेश कायम."

तपासनिसांचा जीव भांड्यात पडला. "बघ! आता कशी निर्धास्त सही करता येईल." त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा.

"बाबा, मी कॉपी केली असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही गं. तपासून घेतलेलं बरं असतं."

"मग मला विचारायचं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या नोकरीची लाज वाटली.

मुलीनं कर्जाचा फॉर्म पुढे ओढला, जामीनदाराच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं आणि फॉर्म आईसमोर ठेवला. आईनं ओले हात पदराला पुसले आणि एक ओळही न वाचता सही केली.

तपासनिसांना राहवलं नाही. "अगं, वाच तरी आधी!"

"कशाला?" ती म्हणाली, आणि फॉर्म मुलीकडे सरकवला.