जपानी साहेबांचा काळा कागद

चहा घ्या आधी. एका जपानी माणसासमोर मी स्वतःची कशी शोभा करून घेतली, ते सांगतो. हसा, पण बशी सांभाळून!

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी धुळ्यात, देवपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. गावातल्या कापड गिरणीत नवी यंत्रं बसवायला एक जपानी साहेब आले होते. आमच्या हेडमास्तरांनी, त्यांना सगळे आबा म्हणायचे, साहेबांना गॅदरिंगचं आमंत्रण दिलं. साहेबांनी गिरणीच्या मॅनेजरांबरोबर आधीच भेट धाडली.

उघडून बघतो तर काय? एक मोठा काळा कागद, आणि त्याला भोकंच भोकं! मधल्या बारीक रेघांत पांझरा नदी, काठावर धुणं धुणाऱ्या बाया, मागे देऊळ. एक रेघ कुठं तुटलेली नाही!

“हे काय हो, गुरुजी?” आबांनी विचारलं.

‘माहीत नाही’ म्हणायला माझं काय जात होतं? पण चित्रकलेचा मास्तर ना मी! म्हटलं, “खाका आहे, आबा. पडद्यावर ठेवायचा, वरून रंग थापायचा. जपानात असंच करतात.”

आबा खूश! स्टेजचा नवाकोरा पांढरा पडदा माझ्या स्वाधीन. मी बोळ्यानं निळा रंग असा थापला, की विचारू नका. कागद उचलला, तर रंग खालून पसरलेला. नदी नाही, बाया नाहीत, देऊळ नाही!

शिपाई म्हणाला, “गुरुजी, आठे ते बठ्ठा डागच शेतस!”

“जपानी कला लांबून बघायची असते!” मी दटावलं. ते ऐकून आबा बिचारे मागं सरकत सरकत पार पटांगणात गेले. तिथूनही डागच!

संध्याकाळी पाहुणे आले. मॅनेजर म्हणाले, “साहेब विचारतायत, त्यांचं चित्र कुठं लावलंय?”

मी ऐटीत पडदा दाखवला. साहेब बघतच राहिले.

“आणि तो काळा कागद?” मॅनेजरांनी विचारलं.

“काळजीच नको! बादलीत चांगला चोळून धुतला. मागे वाळत घातलाय!”

मॅनेजरांना हे इंग्रजीत सांगवेना. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अहो, तो कागद हेच चित्र! ते लोक कागद कापूनच चित्र करतात. किती दिवस सुरी घेऊन बसले होते ते!”

सगळे मागे गेलो, तर दोरीवर काळा लगदा ठिबकत होता. मी नुसते हात जोडले. साहेबांनी लगद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. रडतायत की काय? छे! हसत होते!

मग मॅनेजरांकडून बादलीची हकिगत काढून घेऊन त्यांनी काळा कागद मागवला, खिशातून छोटी सुरी काढली, आणि पोरांची नाटकुली चालू असताना एक नवं चित्र कापून आबांच्या हाती दिलं. सगळी शाळा खो खो हसली. बादलीवर वाकून कागद चोळणारा मी! टोपी-मिशीसकट!

आबांनी ते काचेत बसवून ऑफिसात टांगलं. पुढं कुणीही पालक आला, की विचारायचा, “हाऊ बादलीवाला बुवा कोन शे?”

आणि आबा मान वर न करता सांगायचे, “ते आमचे चित्रकलेचे तज्ज्ञ.”