बेचाळीस मानांची वही

आमच्या विभागप्रमुख सरांनी कोट काढला, खुर्ची फिरवली आणि तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून माझ्याकडे पाठ करून ते बसले.

"थिअरी पुरे. हात दाखव तुझे. दोन दिवस मान धरलीय."

समोर संशोधनाचे पैसे मंजूर करणाऱ्या समितीचे चार जण. पडद्यावर माझी तिसरी स्लाइड. पहिल्या दोन स्लाइडांना मी सात मिनिटं खाल्ली होती, त्यातली दोन रिमोट उलटा धरण्यात.

नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी फिजिओथेरपी शिकवतो. कॉन्ट्रॅक्टवर. माझा जीव ऑस्टिओपथीत. म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हातानं चाचपून हातानंच मोकळे करायचे. पाहुण्यांना हे समजावताना मी दमतो. शेवटी ते म्हणतात, "म्हणजे मालिशच ना?" आणि मी चहा पितो. तर आमचं कॉलेज नव्या शिक्षकांना पहिल्या संशोधनासाठी सीड ग्रँट देतं. माझा विषय होता मार्केटमध्ये पोती वाहणाऱ्या माथाडींची मान. उपचारानं ती किती मोकळी होते, आणि पुन्हा पोतं चढल्यावर किती दिवस टिकते.

मी सरांची मान धरली. मोकळी केली. चांगली केली, ते खोटं कशाला सांगू.

"बघा," सर समितीला म्हणाले, "ही ताकद पुस्तकातून येत नाही. पिढ्यान् पिढ्या ओझी वाहिलीत यांच्या लोकांनी."

सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. मग एका मॅडमनी मनगट पुढं केलं. तेही दाबलं. वेळ संपली. तिसरी स्लाइड पडद्यावर तशीच.

घणसोली गावातल्या आमच्या खोलीवर मी पेढे घेऊन गेलो. हो, पेढे. बाबा अजून मार्केटला पोती उचलतात. मराठवाड्यातलं गाव सोडून आले ते याच कामाला. त्यांनी पेढा हातात धरला, तोंडात नाही घातला.

"कागद वाचला का त्येंनी?"

"नाही. पण खूश झाले, बाबा."

"खूश कराया बोलावलं व्हतं व्हय तुला?"

मला राग आला. बापाचा. ज्याचा यायला हवा होता त्याचा यायला अजून महिना होता.

वहीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायीच झालं. ग्रँटच्या आधीच मी दुपारी गोडाऊनच्या मागं बसून बेचाळीस माथाडींच्या माना तपासल्या होत्या. कोणाची किती वळते, कोणत्या खांद्यावर ओझं, झोप लागते का. एका माणसाला एक पान. पहिलं पान बाबांचं. बाबा त्यांच्याच हमालांच्या टोळीतले, म्हणून बाकीच्यांनी मला हात लावू दिला. त्यातले एक काका पान भरताना म्हणाले होते, "डाक्टर, ह्ये शेठला कळू देऊ नगं. मान गेली म्हनलं की टोळी गेली." मी शब्द दिला. नावं माझ्या वहीबाहेर जाणार नाहीत.

आता माझा मोठा पराक्रम. मला माझ्या इंग्रजीची लाज वाटते. म्हणून अर्ज देण्याआधी मी तो सरांच्या मुलाला मेल केला. तो परदेशातून शिकून नुकताच आमच्या डिपार्टमेंटला लागलेला. म्हटलं, "जरा इंग्रजी तपासशील का?" त्यानं तपासलं. इतकं बारीक तपासलं की पुढं नावसुद्धा दुरुस्त केलं.

पण ते नंतर. आधी मंगळवार सुरू झाले.

दर मंगळवारी चार वाजता शिपाईमामा दारात. "चला सर, साहेबांची मान बोलावतीय." मी जायचो. केबिनमध्ये एसी गोठवणारा, पडदे ओढलेले, टेबलावर एक कागद नाही. सर तपासणीच्या पलंगावर आडवे. डोळे मिटलेले.

"तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतं ना?"

"हो सर."

"हं. जरा डावीकडे."

पुढच्या मंगळवारी, तसेच डोळे मिटून, "वडील अजून मार्केटलाच? कुठल्या टोळीत?"

वडिलांचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. माझी बोटं क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली. मी उत्तर दिलं. टोळीचं नाव सांगितलं. मान खाली घालून, विचारलं नव्हतं ते वहीचंही सांगितलं.

चौथ्या आठवड्यात बोर्डावर यादी लागली. माझा विषय मंजूर. मुख्य संशोधक म्हणून सरांच्या मुलाचं नाव. मी सगळ्यात खाली. 'हस्तोपचार सहाय्यक'. मी ती यादी तीनदा वाचली. वाटलं, छपाईची चूक असेल. इतका मी शहाणा.

त्या मंगळवारी टेबलावर एक कागद होता. संशोधनाची कल्पना विभागाची, मी मदतनीस, जमवलेली माहिती मी स्वखुशीनं सोपवतोय. खाली माझं नाव टाइप केलेलं. सही तेवढी बाकी.

सर आडवे झाले. मी त्यांच्या डोक्याखाली हात घातले.

"जाताना सही कर. आणि ती वही आणून दे. नावांसकट."

"नावं कशाला सर?"

"काही व्यापारी विचारतायत. कोणाच्यानं आता ओझं उचलवणार नाही, ते आधीच कळलं की त्यांना बरं पडतं. पुढचा मोठा फंड तेच देतील." ते डोळे मिटूनच हसले. "तुझीच माणसं ना. तुला कोण नाही म्हणणार?"

डोक्याचा सगळा भार माझ्या तळव्यांवर होता. मी हात काढून घेतले. हळूच काढले, डोकं उशीवर टेकवून. उपचार अर्धा टाकून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो.

"काय झालं?"

"उठून बसा, सर."

ते उठले. मला वाटतं, त्यांना कोणी असं सांगायला बरीच वर्षं झाली असावीत.

"सही करणार नाही. वही देणार नाही. विषय माझा आहे."

आवाज फाटला माझा. इतिहासात नोंद व्हावी असं काही दिसत नव्हतो मी.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे कोट घातला. एकेक बटण लावलं.

"विचार कर," म्हणाले. "वडिलांनाही विचार."

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकातून माझे तास गेले. तिसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. वॉचमन रोज 'राम राम सर' म्हणायचा, तो रस्त्याकडं बघत राहिला. आणि त्याच संध्याकाळी बाबा घरी येऊन म्हणाले, "मुकादम इचारत व्हता, तुझं पोरगं वहीत काय लिवतंय?"

मी विचारलं, "तुमचं काम गेलं तर?"

"जाईल," ते म्हणाले. "तू वही दिली तर बेचाळीसांचं जाईल."

मी दुपारच्या सुट्टीत गोडाऊनच्या मागं गेलो. सगळ्यांना सगळं सांगितलं. समितीपुढं हसलो होतो, तेही सांगितलं. माझ्याकडून शब्द घेतलेले ते काका पुढं सरकले.

"हसलास कशापायी रं?"

मी पिशवीतून वही काढली.

मग मी वही उसवली. ज्याचं पान त्याच्या हातात दिलं. म्हटलं, ही मान तुमची, हे पान तुमचं. ठेवा, जाळा, पुढं अभ्यास करायचा तर मला परत बोलवा. कोणी घडी घालून टोपीत ठेवलं, कोणी बनियनच्या आत.

सरांच्या मुलाला पाठवलेला माझा मूळ अर्ज, ती मेल, सगळं जोडून मी संचालकांकडं तक्रार दिलीय. शुक्रवारी सुनावणी आहे. 'समजुतीनं मिटवा' असा निरोप दोनदा आलाय. काल कोणीतरी आमच्या गल्लीत येऊन घरमालकिणीला विचारून गेलं, भाडेकरू किती दिवसांचे आहेत म्हणून.

यावं त्यांनी. खोली उघडीच आहे, एक कपाट, दोन ट्रंका, शोधावं हवं तेवढं. पानं बेचाळीस जणांकडं गेलीत. त्यातलं एकही नाव मी सांगणार नाही.