अक्कांना सांगितलेला सिनेमा

लोण्यात परतलेल्या पॉपकॉर्नचा वास आता शहरातल्या सगळ्याच थिएटरांना येतो, आणि तो आला की मी अजूनही नकळत डावीकडे झुकते. परवा तारनाक्याजवळच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला एकटीच गेले होते. डावीकडच्या खुर्चीत तिशीची एक बाई बसली होती. मांडीवर घडी केलेली पांढरी काठी, एका कानात इअरफोन. पडद्यावर लग्नघरातला एक म्हातारा सगळ्यांची नजर चुकवून खिशात लाडू कोंबत होता. संवाद एकही नाही, आणि ही बाई माझ्याआधी हसली! मला कुठलं राहवतंय, मध्यंतरात विचारलंच. "फोन में बोलते ना आंटी," ती म्हणाली. "कौन आया, कौन गया, कैसा मूँ किया, सब बोलते. आप भी सुनते क्या?" पडद्यावर दिसतं ते कानात सांगणारं ते अ‍ॅप तिनंच मला फोनवर घ्यायला लावलं. सिनेमाचा आवाज ओळखून ते आपोआप सुरू होतं म्हणे. इतकं सोपं! तिचं कौतुक वाटायचं सोडून मला आधी रागच आला. हे तेव्हा असतं तर, असं वाटून डोळे भरून आले.

अंबरपेठेतल्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंची नजर काचबिंदूनं पार गेलेली होती. सगळे त्यांना अक्का म्हणत. नजर गेली, पण सिनेमाचं वेड जराही उतरलं नव्हतं. पुरुष कामावर आणि त्यांचा एकुलता एक मुलगा शाळेत गेला, की आम्ही दोघी भराभरा आवरून मॅटिनीला पळायचो. अक्का डावीकडे, मी उजवीकडे, माझं तोंड त्यांच्या कानाशी. तीन-तीन तास मी कुजबुजत असायची. मागून कुणीतरी हटकायचंच, "क्या बातां कर रए जी, पिच्चर देखने देते की नक्को?" की अक्का ठसक्यात सुनवायच्या, "तुम देखो जी, मैं सुन रई!" मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. "तुला काय वाटतं ते नक्को सांगू बाई. दिसतंय काय, तेवढंच सांग. रडायचं का हसायचं, ते माझं मी बघते."

साधा नियम, पण माझ्याच्यानं तो कधी धड पाळला गेला नाही. पडद्यावरची विटकी साडी माझ्या तोंडी येईपर्यंत जरीची व्हायची. एखादी आई वेदनेनं पिळवटून मेली, तर मी सांगायची, झोपल्यासारखी दिसते हो अक्का, चेहरा शांत आहे. वाटायचं, या बाईच्या वाट्याला आधीच एवढा काळोख आलाय, त्यात आपण आणखी कशाला ओतायचा? त्या हं म्हणायच्या, आणि माझी भीड चेपत गेली. परतताना बसमध्ये त्या तोच सिनेमा मला पुन्हा सांगायच्या, माझ्या जरीच्या साड्यांसकट, आणि मला आतल्या आत फार बरं वाटायचं.

अक्कांचा मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, आणि लग्नावरून त्याचं नि वडिलांचं, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं, बिनसलं. शब्दानं शब्द वाढत गेला. एका सकाळी तो बॅग उचलून निघाला. अक्का दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं तो पाया पडेल, निदान हाक तरी मारेल. तो ताठ मानेनं फाटकाबाहेर पडला आणि गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला. अक्कांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे उघडे होते आणि गल्लीकडेच होते. त्यांनी विचारलं, "वळून बघितलं का गं त्यानं?"

मी म्हटलं, "बघितलं ना. हातसुद्धा केला."

इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! क्षणाचाही विचार केला नाही. अक्का हं म्हणाल्या आणि आत जाऊन डाळ निवडायला बसल्या. दोन वर्षांनी त्याचा फोन आला, मग दर रविवारी येऊ लागला, पुढे तो सणाला बायकोला घेऊन यायला लागला. अक्का दर वेळी सगळ्यांदेखत त्याला म्हणायच्या, "जाताना मागं वळून बघितलंस ना, तेव्हाच मला कळलं, लेकरू येणार." तो मान खाली घालायचा आणि मी स्वयंपाकघरात निघून जायची. अक्का गेल्या, त्यांच्या तेराव्याला तो माझ्याजवळ येऊन बसला. "काकू, मी वळलो नव्हतो. आईला सांगायचा धीरच झाला नाही." मी म्हटलं, "माहीत आहे रे मला." एका आंधळ्या बाईनं विश्वासानं माझे डोळे मागितले आणि मी तिला फसवलं, हे तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलं आहे. सहा वर्षं झाली, अजून अफझलगंजच्या पुलावरून जाताना मुसी नदीत बगळे दिसले की माझे ओठ हलतात, चार आहेत हो अक्का, एक लंगडतोय. जे दिसतं तेच सांगते आता. ऐकायला कुणी नाही.

तर मध्यंतरानंतर मी इअरफोन कानात घातला आणि डोळे मिटून घेतले. बाईचा आवाज होता, स्वच्छ, कुठल्याही बाजूला न झुकणारा. अक्कांना फार आवडला असता. शेवटाकडे तो लाडूवाला म्हातारा मुलीला सासरी सोडून परत निघाला. खडीवर पावलं वाजू लागली. सांगणारी बाई गप्प होती. पावलं लांब गेली, मंदावली आणि थांबली. आणि मला आपोआप कळलं, वळला! त्यानंतर कुठे कानातली बाई म्हणाली, "वह मुड़कर देखता है."

मी डोळे उघडलेच नाहीत. माणूस वळून बघतो तेव्हा त्याची पावलं थांबतात. आमच्या गल्लीत शहाबादी फरशी होती, त्या सकाळी त्याच्या पायात ऑफिसचे बूट होते, आणि ते वळणापर्यंत एका चालीनं वाजत गेले असणार. मी नुसती बघत होते, म्हणून मला ते ऐकू आलं नाही. पण अक्का तर पायरीवरच्या पावलांवरून कोण आलं ते सांगायच्या. पोटच्या मुलाची पावलं थांबली नाहीत, हे त्यांना मी तोंड उघडण्याआधीच कळलं होतं. आपले कान खोटे ठरावेत म्हणून त्यांनी मला विचारलं असेल, आणि मी ते खोटे ठरवले, म्हणून हं म्हणाल्या असतील. मग दर सणाला सगळ्यांदेखत ते वाक्य कुणासाठी म्हणत होत्या?

"क्या हुआ आंटी?" शेजारची बाई हळूच म्हणाली. "इसमें रोना नई है, वो तो हँस रा."

इअरफोन काढून मी मुठीत धरला. मी अक्कांना जन्मभर दिसलेलं सांगत राहिले. त्यांनी ऐकलेलं मला कधीच सांगितलं नाही.