पाठक सरांची नऊ हजारांची वायर

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणी वाचलीच तर त्याला समजावं म्हणून कामातल्या गोष्टी सोप्या करून लिहिते.

पाठक सर दुकानाची पायरी चढले तेव्हा त्यांच्या हातातली निळी पिशवी मला लांबूनच ओळखू आली. आठ दिवसांपूर्वी ती मीच बांधून दिली होती. सरांनी पिशवी काउंटरवर ठेवली. आपटली नाही, पण ठेवलीही हळू नाही.

"रशीदभाई, ही वायर लावली तरी सेटमधली घूं अजून आहे. जशी होती तशी."

रशीदभाई आमच्या दुकानाचे मालक. औरंगपुऱ्यात गल्लीच्या आत दहा बाय पंधराचं दुकान, अँप्लिफायर, स्पीकर, वायरी, पिना, सगळं. मी मागच्या टेबलावर बसते आणि वायरींना पिना लावते. कथील वितळवून तार पिनेला जोडायची, त्याला आमच्यात डाग मारणं म्हणतात. हे काम मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत लाईनवर शिकले. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा भाईंनी ठेवून घेतलं. गिऱ्हाईकाशी बोलायचं काम माझ्याकडं नव्हतं आणि मला ते बरंच वाटायचं.

"नऊ हजार दोनशे रुपये घेतले तुम्ही," सर म्हणाले. "तीनशे त्यातले मजुरीचे. पिना लावायचे. मला वाटतं, गडबड तिथंच आहे."

भाई मान वळवून माझ्याकडं बघायला लागले.

"ताई, ड्राय सोल्डर तो नहीं हुआ?"

ड्राय सोल्डर म्हणजे कच्चा डाग. वरून चिकटलेला दिसतो, आतून सुटा असतो. डाग मारणाऱ्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. माझे कान गरम झाले. माझा डाग कच्चा नव्हता. पण मी नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे त्या दोघांना कळलं नसावं.

खरं तर मला दुसरंच काही टोचत होतं. पाठक सर पेन्शनर माणूस, शाळेत गणित शिकवायचे. घरी तबकड्यांचा जुना प्लेअर, अँप्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी. दोन उन्हाळ्यांपासून सेटमध्ये घूं असा आवाज यायला लागला. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, बाबा, तुमच्या केबल हलक्या आहेत, इंपोर्टेड घ्या. सरांनी मागितली, भाईंनी मुंबईहून मागवली. भाईंनी फसवलं नाही. गिऱ्हाईकानं मागितलं ते आणून दिलं. पण पिना लावायला ती वायर मी सोलली होती, आणि आत काय आहे ते दुकानात फक्त मला माहीत होतं.

वायर कशी ओळखायची ते इथंच सांगते. प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत जी वायर जाते तिच्यात आवाज फार बारीक असतो. म्हणून मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते, ती बाहेरचा कचरा आवाज आत येऊ देत नाही. जाळी दाट पाहिजे. बोटभर सोलून उजेडासमोर धरायची, आरपार दिसलं तर घ्यायची नाही. मग तार ब्लेडनं खरवडायची. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता रंग. पिन घट्ट बसली पाहिजे आणि लांबी हवी तेवढीच. स्पीकरच्या वायरीला जाळी लागत नाही, ती फक्त जाड आणि खऱ्या तांब्याची असावी. एवढं बघितलं की झालं. आमच्याकडं मीटरवर मिळणारी काळी वायर या सगळ्यात पास होती. पिनांसकट जोडी दीडशेला पडायची. इंपोर्टेडच्या आत तेच तांबं होतं आणि तशीच जाळी. वर जांभळं कापड गुंडाळलेलं.

हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी बोलले नव्हते.

"मी घरी येऊन बघतो, सर," भाई म्हणाले. "ताई पण येतील. त्यांचं काम आहे, त्याच बघतील."

मी तोपर्यंत एकाही गिऱ्हाईकाच्या घरी गेले नव्हते. भाई मोटारसायकलवर पुढं, मी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात मागं. पिशवीत सोल्डरिंग गन, मीटर आणि काळ्या वायरीची एक जोडी. ती मी भाईंना न विचारता टाकली होती.

पुंडलिकनगर तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. सरांचं घर जुनं, बैठं. दोन्ही बाजूंना चार-चार मजले उठलेले आणि प्रत्येक बिल्डिंगची बोअर आधीच्या बोअरपेक्षा खोल. दुष्काळाचं दुसरं साल होतं. नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. सरांच्या दारात टाक्या, पिंपं, घागरी, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवलेला.

काकूंनी दार उघडलं. "या. त्या बाजाला बघायला आलात ना? बघा एकदाचं. घरात भुंगा पाळल्यासारखं झालंय."

"बाजा नाही गं, सिस्टीम," सर आतून म्हणाले.

"सिस्टीम भुणभुण करते मग."

सरांनी इंपोर्टेड वायर परत जोडून सेट लावला. घूं आलीच. मी जमिनीवर बसले आणि कामाला लागले. हात कामात असले की मला लाज वाटत नाही. आधी माझे डाग तपासले, एकेक ओढून, मीटर लावून. पक्के होते. मग इंपोर्टेड काढून सरांची जुनी वायर लावली. घूं. जुनी काढून माझी काळी लावली. तीच घूं. कमी नाही, जास्त नाही.

"म्हणजे वायर नाय," मी म्हणाले. त्या घरातलं माझं ते पहिलं वाक्य.

"मग काय आहे?" सर.

मागची पिन बघावी म्हणून अँप्लिफायर पुढं ओढायला त्याच्या पत्र्याला हात लावला, तर बोटांना झिणझिण्या आल्या. आणि घूं खाली गेली. हात काढला, घूं वर आली. मी पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"काय करताय बाई?" सरांनी विचारलं. "देवाला हात लावल्यासारखं?"

"भाई," मी म्हणाले, "इधर हात लावून बघा."

भाईंनी लावला आणि झटक्यात काढला. "हौ! करंट है जी इसमें! अर्थिंग गयी, सर."

अर्थिंग म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन. तिची तार घराबाहेर जमिनीत जाते. यंत्राच्या पत्र्यावर चुकून वीज उतरली तर ती या वाटेनं मातीत जाते. वाट बंद झाली की ती पत्र्यावरच बसून राहते, आणि सेट असेल तर आवाजात घुसते.

भाईंनी होल्डरला दोन वायरी लावलेला साठचा बल्ब काढला. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख. मग त्यातली एक वायर अर्थच्या भोकात घातली. बल्बची तार नुसती लाल झाली, विझत्या उदबत्तीसारखी. अर्थ नीट असता तर बल्ब तसाच लख्ख लागला असता.

"खड्डा कुठं आहे?" भाईंनी विचारलं.

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता, त्याच्याशेजारी अर्थिंगचा खड्डा. वर फुटकी फरशी. या खड्ड्यात लोखंडाचा पाइप पुरतात आणि भोवती कोळसा आणि मीठ भरतात. माती ओली असली तरच तो काम करतो. फरशी उचलली तर आत माती भेगाळलेली. भाईंनी काडी घातली, ती वीतभर आत गेली आणि कोरडी बाहेर आली.

"सर, इथं पाणी कधी घातलं होतं?"

"मी कशाला घालू? कधीच नाही घातलं."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अहो, पाणी आपोआप जायचं तिथं. धुण्याचं पाणी. दगडावरून उतरून सरळ त्या फरशीखाली. दुष्काळ पडला तसं मी ते बादलीत धरायला लागले."

"आणि?"

"आणि चिकूला घालते."

आम्ही सगळ्यांनी चिकूकडं पाहिलं. गल्लीतली झाडं वाळली होती आणि हा चिकू हिरवागार, फळांनी लगडलेला.

"दोन उन्हाळे," सर सावकाश म्हणाले. "दोन उन्हाळे घूं आहे."

"आता मला काय माहीत, तुमचा बाजा पाणी पितो म्हणून," काकू म्हणाल्या.

त्यांनी सकाळच्या धुण्याच्या दोन बादल्या चिकूसाठी ठेवल्या होत्या. एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा सरांकडं, आणि बादली भाईंच्या हातात दिली. भाईंनी मूठभर मीठ मागितलं, पाण्यात ढवळलं आणि हळूहळू खड्ड्यात सोडलं. मातीनं ते असं ओढून घेतलं की आवाज आला. दुसरी बादलीही घातली. मुरायला अर्धा तास दिला. तेवढ्यात काकूंनी चहा केला.

मग बल्ब लावला. लख्ख नाही, पण पिवळा पेटला. पत्र्याला हात लावला, झिणझिणी नाही. सरांनी तबकडी लावली. आधी सुईची खरखर आली, मग सारंगी. तिच्यामागं काहीही नव्हतं. सर खुर्चीच्या कडेला बसले होते ते मागं टेकले. काकू चहाचे कप उचलायला आल्या होत्या, त्या कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मला वाटलं, सुटलो. पण सर गणिताचे.

"बाई," ते म्हणाले, "आता कोणती वायर लागली आहे? माझी जांभळी की तुमची काळी?"

"काळी."

"मग जांभळीनं यापेक्षा चांगलं वाजेल?"

भाई कपाळाचा घाम पुसत होते. मी भाईंच्या पगारावर जगत होते. नाही म्हणावं तर मालकाचा माल खोटा पडतो. हो म्हणावं तर सर नऊ हजारांची वायर लावून सुखानं बसतात आणि विषय मिटतो. मी भाईंकडं पाहिलं. त्यांनी मला इशारा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, निदान मला ठरवावं लागलं नसतं.

"सर, तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसा," मी म्हणाले. "मी बदलत जाते. तुम्ही सांगा."

सर वर्गात बसल्यासारखे ताठ बसले. मी पाच वेळा लावलं. कधी बदललं, कधी नुसतंच बदलल्यासारखं केलं. सरांनी प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकलं आणि उत्तर दिलं. पाचांपैकी दोन बरोबर आली. तीनदा माझ्या काळीला त्यांनी जांभळी म्हटलं. "ही! ही भरदार आहे," असंही म्हणाले.

"नापास," काकू म्हणाल्या.

सर वळले. रागावले नव्हते. "म्हणजे फरक नाही."

"मला तरी ऐकू येत नाय, सर," मी म्हणाले. "आणि खरं सांगते, वायर सोलली तेव्हाच मला दिसलं होतं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाय."

मग भाई उठले. "सर, पैसे परत देतो. पूर्ण. थोडा वेळ द्या."

"अहो, मागितली मीच होती," सर म्हणाले. "तुमचा काय दोष?"

"मागितली तुम्ही. पण दुकानात मी बसतो ना? डॉक्टरकडं गेल्यावर मागंल ती गोळी देतो का तो?"

परतताना मी रिक्षाकडं वळले तर भाईंनी हाक मारली. मला वाटलं, आता कामावरून काढतात.

"ताई, आपको पता था तो मेरेकू बोलना था."

"भीती वाटली, भाई."

"मेरेसे?" त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग गाडीला किक मारत म्हणाले, "कल से टेबल आगे लगाओ. काउंटर के बाजू में. कोई महंगा वायर माँगे तो पहले आप बात करो."

टेबल पुढं आलं. पहिले काही दिवस मी गिऱ्हाईकाच्या शर्टाच्या गुंड्यांकडं बघूनच बोलत होते. आता तोंडाकडं बघते. कुणी घूं घेऊन आलं की आधी विचारते, अर्थिंगला पाणी घालता का? लोक हसतात. मग घरी जाऊन घालतात आणि त्यातले बरेच परत येत नाहीत. धंद्याला हे चांगलं नाही, पण भाई काही म्हणत नाहीत. पाठक सरांच्या कॅलेंडरवर काकूंनी वार लिहून टाकले, रविवारची बादली खड्ड्याला, बाकीच्या चिकूला.

मी यातून शिकले ते एवढंच. बिघाड शोधताना फुकटची गोष्ट आधी तपासावी. आणि आपल्याला माहीत असलेलं पैसे घ्यायच्या आधी बोलावं, नंतर बोललं की तेच बोलणं महाग पडतं.

महाग पडलंच. पिना लावायला कापलेली वायर मुंबईवाल्यानं परत घेतली नाही. दुष्काळात सेट कोण घेतो, दुकानात पंख्याच्या कॅपॅसिटरशिवाय काही विकत नव्हतं. माझ्या मजुरीचे तीनशे मी पहिल्याच पगारातून दिले. सर घेत नव्हते, काकूंनी घेतले. "तिला बरं वाटू द्या," म्हणाल्या. पुढं भाईंनी पोळ्याला तीन हजार पाठवले, दसऱ्याला तीन. दर वेळी पाकीट माझ्याच हातात. काळ्या वायरीचे दीडशे त्यातून कापून घ्या असं सर म्हणाले, तर भाईंनी निरोप दिला की तो हिशोब वेगळा, आणि सरांनी ते वेगळे दिले.

शेवटचे एकोणतीसशे मी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेऊन गेले. सरांनी नोटा दोनदा मोजल्या, गणिताच्या माणसासारखं. मग दुकानाचं जुनं बिल शोधून काढलं, त्यावर लिहिलं, 'नऊ हजार दोनशे, सर्व मिळाले', खाली सही केली आणि बिल माझ्या हातात दिलं.