बयेची कात

कडककाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवतं की नाही, शंकाच आहे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं दुकान. शर्टाची कॉलर अशी कडक करून देतात, की मान वळवायची तर अख्खा माणूस वळवावा लागतो. स्वभाव त्याहून कडक. ओल म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. घडीत जरा ओल राहिली की कुबट वास मारतो, आणि तसा कपडा दुकानाबाहेर गेला तर आपलं नाकच कापलं गेलं असं त्यांना वाटतं.

अशा माणसाच्या गळ्यात मुलीनं पाल बांधली. तिला दुसऱ्या शहरात प्राण्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. राहायची नीट सोय होईपर्यंत तिनं पाळलेलं हे पिल्लू घरी राहणार होतं. बोटाएवढा जीव, अंगावर पिवळे-काळे पट्टे, डोळे टपोरे.

“बाबा, पाल नाही हो म्हणायचं. गेको.”

“गेको म्हण नाहीतर महाराणी म्हण. भिंतीवर दिसली असती तर झाडूच घेतला असता मी.”

तोंडानं असं म्हणाले खरे, पण काकांना नाही म्हणवेना. शाळेची सहल असो की नवे बूट, “राहू द्या बाबा” म्हणणारी ही पोर. तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ते पिल्लू आपल्या हातून मेलं, तर तिला तोंड कसं दाखवायचं?

दुकानामागच्या खोलीत काचेची पेटी आली. पिल्लाचं नाव काकांनीच ठेवलं, बया. मुलीनं सांगितलं तसं ते रातकिडे निवडून घ्यायचे, बयेच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून एकही मोठा नाही. त्या किड्यांना आधी गाजराचा कीस खाऊ घालायचा, म्हणजे किड्याच्या पोटातलं बयेच्या पोटात जातं. मग कॅल्शियमच्या पुडीत घोळवून वाढायचं.

“किड्यांना गाजर, पालीला किडे,” काकू म्हणाल्या, “आणि मला चहा कोण विचारतंय?”

पेटीत भोक पाडलेला एक छोटा डबाही होता. त्यात मुलीनं ओलं फडकं अंथरलेलं. काकांना ते बघवेना. पोर घाईत वाळवायचं विसरली असेल, असं समजून त्यांनी फडकं काढलं, त्यावर इस्त्री फिरवली, घडी घातली आणि परत ठेवलं. पुढे रोज सकाळचा तो नेमच झाला.

बयेनं खाणं सोडलं. अंग पांढुरकं पडलं, शेपटी सुकली. एरवी काकांनी म्हटलं असतं, मनात शंकेची पाल चुकचुकली. इथे तर पालच गप्प होती. त्यांनी निमूट मुलीला फोन लावला.

“बाबा, डब्यातलं फडकं ओलं आहे ना?”

“ओलं कसं असेल? रोज इस्त्री करून ठेवतोय!”

मग मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, ओल मिळाली नाही तर तिची कात निघत नाही. बोटांवर आवळत जाते. तशीच राहिली तर बोटं झडतात.”

काका पेटीवर वाकून बयेची बोटं मोजायला लागले.

“मला आत्ता येता येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच काढायची. कोमट पाणी घ्या, तिचं पोट बुडेल एवढंच. घाई करू नका. व्हिडिओ लावून फोन समोर ठेवा, मी बघतेय.”

इस्त्रीनं भाजून भाजून काकांच्या बोटांना घट्टे पडलेले. मऊ-कठीण काही कळत नाही. ओढताना कातीबरोबर बोटच आलं तर? काकूंनी कोमट पाण्याची बशी धरली. काकांनी ओला कापूस घेतला आणि एकेका बोटावरून फिरवायला लागले, न दाबता. मुलगी सांगत होती, “थांबा. पुन्हा भिजवा. आता उलट्या बाजूनं.” आवाजात कंप नाही. आयुष्यात काकांना कुणी हुकूम सोडला नव्हता. त्या दिवशी ते मुकाट ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची छाती फुगत होती. केवढी झाली ही!

कात सुटली. शेवटच्या बोटावरची निघाली तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि मग आठवणीनं बशी पुसली.

त्यानंतर डब्यातलं फडकं काकांनी एकदाही वाळू दिलं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी पेटीच्या काचेवर पाण्याचा बारीक हबका मारायचे, थेंब चाटणारी बया बघत उभे राहायचे. वाटीतलं पाणी रोज ताजं. शेपटी पुन्हा भरली, जाड झाली. ती काका गिऱ्हाइकांना आत नेऊन दाखवत. कुणी नाक मुरडलं तर त्याची पँट शेवटी.

मुलगी आली ती थेट पेटीपाशी. बयेला तळहातावर घेऊन तिनं बोटं तपासली. एकूण एक जागच्या जागी.

“नेतेस ना आता?” काकांनी भिंतीकडे बघत विचारलं.

“नाही,” म्हणत तिनं पिशवीतून एक डबा काढला. आत दुसरं पिल्लू, हाडं दिसणारं, डोळे मिटलेलं. “कुणीतरी दवाखान्याच्या दारात सोडून गेलं. डॉक्टर म्हणाले, याची उस्तवार कोण करणार? मी म्हटलं, माझे बाबा.”

काकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, इस्त्री बंद केली आणि दारात ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “उद्या या. आज पाणी पाजायचंय.”