याकोबकाकांची राहिलेली थप्पड

मरणाच्या आदल्या दिवशी आमच्या याकोबकाकांनी एका माणसाच्या कानाखाली मारली. मागच्या महिन्यात त्यांना मूठमाती दिली, तेव्हा उपदेशकांनी त्यांच्या शांत मरणाबद्दल देवाचे आभार मानले. शांत कसलं... मी मान खाली घालून उभा होतो.

काका मिरजोळ्याकडच्या चिरेखाणीवर जांभा दगड कापायचे. अंगात बळ दांडगं आणि डोक्यात सदा जाळ. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, झोडपलंही, आणि तरी मला ते फार आवडायचे. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पडवीत शास्त्राभ्यास चाले. पाटांवर गोल बसून एकेकाने एकेक वचन वाचायचं आणि मग त्यावर तावातावाने भांडायचं. भांडण झालं नाही तर अभ्यास फुकट गेला, असं काकांचं ठाम मत.

शिमोन पूर्णगडचा. ख्रिस्ती झाला म्हणून सख्ख्या भावांनी वल्ह्याने मारून त्याचा हात मोडला होता. काकांनीच त्याला घरात घेतलं, खाणीवर कामाला लावलं. एकोणीसशे सत्तावीस साल असेल. त्या गुरुवारी क्षमेचा अध्याय निघाला आणि काकांनी सर्वांदेखत विचारलं, भावांना माफ केलंस का? शिमोन म्हणाला, त्यांनी माफी मागितलीच नाही, तर द्यायची कुणाला? काका म्हणाले, न मागता देतात ती क्षमा, बाकी सगळा बाजार. शब्दाने शब्द वाढला. शेवटी काका बोलू नये ते बोलून गेले, "हात मोडलानी ता बरा झाला. तू अजून त्यांच्यातलोच."

शिमोनने बुडाखालचा पाट उचलला आणि काकांच्या डाव्या कानावर घातला. काका आडवे झाले. कानातून रक्ताची धार लागली, सारवलेली जमीन लाल झाली. तसेच उठून त्यांनी शिमोनचा गळा धरला. त्याचे डोळे पांढरे झाले, तेव्हा कुठे चौघांनी मिळून ती बोटं सोडवली. काकांचा कान मात्र कायमचा गेला.

दुसऱ्याच दिवशी शिमोनने पाय धरून माफी मागितली. खरं तर काकांच्याच म्हणण्याप्रमाणे ती मागायचीही गरज नव्हती. काका एवढंच म्हणाले, "कान परत दे."

आमच्या मंडळीची रीत अशी, की प्रभुभोजनाच्या सकाळी ज्यांचं आपसांत वाकडं असेल त्यांनी प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्यावर एकमेकांना हात द्यायचा, मगच आत पाऊल टाकायचं. हे दोघे वर्षानुवर्षं बाहेर उन्हात, एक या टोकाला, एक त्या. गुरुवारी क्षमेवर तासभर बोलणारे काका रविवारी प्रभूच्या भाकरीवाचून उपाशी परतायचे. मला त्यांचा संताप यायचा आणि कीवही.

यंदा खाणीची धूळ छातीत बसली आणि त्यांनी अंथरूण धरलं. एकदा मला म्हणाले, "त्याला सोडून मोकळा व्हायचा हाय रे, पण ह्यो हात ऐकत नाय. असाच वर गेलो तर काय तोंड दाखवू?" मी शिमोनला बोलावून आणलं. तो बाजेशी गुडघे टेकून बसला. काकांनी त्याला जवळ बोलावलं आणि सगळा जोर एकवटून त्याच्या डाव्या कानाखाली मारली... जोर कुठला उरला होता! माशीसुद्धा उडाली नसती.

"लागला?" काकांनी धापा टाकत विचारलं.

शिमोनने दोन्ही हातांनी कान दाबून धरला. "लागला, भाऊ. कान गेला."

काका त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

गुरुवारचा अभ्यास अजून चालतो. शिमोनच्या डावीकडे बसणाऱ्याला वचन दोनदा वाचावं लागतं. हा कानामागे हात धरून बसतो, चारचौघांत ‘काय? काय?’ विचारतो. परवा मी वैतागून त्याला म्हटलं की काका आता नाहीत, पुरे झालं हे.

त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"हिकडनं बोल," म्हणाला, "त्या कानानं येत नाय."