दोन बादल्यांची कुस्ती

त्या फिल्ममध्ये मी जिंकतो. ज्यांनी ती पाहिली त्यांना अजूनही तसंच वाटतं. प्रत्यक्षात मी हरलो होतो, तेही चहा गार व्हायच्या आत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. शाळेत मास्तर सवयीने फळ्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहायचे, मग पुसून लातूर लिहायचे. पाऊस मात्र कोणत्याच जिल्ह्यात नव्हता. मृग कोरडा गेला, हस्तही गेला. पुढच्या उन्हाळ्यात कोणा मोठ्या माणसाने नांदेड आणि लातूरकडच्या पोरांची साखळी कुस्ती भरवली. प्रत्येक तालमीने प्रत्येक तालमीशी लढायचं. त्यावर फिल्म काढायला मुंबईहून चार जण आले.

लातूरच्या मैदानातली माती इतकी कडक होती, की तिच्यावर पाठ टेकलेला पोरगा थेट दवाखान्यात गेला असता. म्हणून फिल्मवाल्यांनी पाण्याचा टँकर मागवला. आम्ही सगळी पोरं लढायचं सोडून त्याच्याकडे बघत उभी राहिलो. आमच्या घरी आधी बैल पाणी प्यायचे, मग माणसं, आणि आंघोळ आठवड्याने.

माझ्याविरुद्ध लढणारा पोरगा नांदेडकडच्या देगलूरचा होता. माझ्याच वयाचा, पंधराचा, काटक, डावा कान मोडलेला. त्याने ढाक डाव टाकून मला पाठीवर पाडलं. मला आभाळ दिसलं. आभाळात एकही ढग नव्हता, हे नीट आठवतं.

नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यातलं रीळ संपलं होतं. लोक जेवायला पांगले. फिल्मवाले साहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "परत करा एकदा. आणि या वेळी तू जिंक. फिल्म नव्या जिल्ह्याची आहे, तो पहिल्याच कुस्तीत पडलेला बरा दिसत नाही. त्या मुलाला तूच समजाव."

अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. नुरा खेळणाऱ्याचं नाव तालमीच्या भिंतीवरून खरवडून काढायचं आणि त्याला पुन्हा मातीत पाय ठेवू द्यायचा नाही, हा नियम त्याच्याही तालमीत होता आणि आमच्याही. त्याचे वस्ताद तापाने देगलूरलाच पडून होते. मी त्याच्याकडे गेलो.

"पाठ टेकू म्हन्तोस? न्हाई. वस्ताद जित्ता सोडायचे न्हाईत."

"त्यांना कोण सांगतंय?" मी म्हणालो. "आंघोळीला पाणी देतो. टँकरमधलं."

तो अंगावरची माती नखाने काढत राहिला. "किती?"

"दोन बादल्या."

"दोन?" त्याने टँकरकडे बघितलं. "लई वेळ लावू नको मग. आन् नीट पाड, डोकं आपटू नको."

मी नीट पाडलं. रीळ फिरत होतं. नंतर मी टँकरवाल्याकडून दोन बादल्या भरून आणल्या. एक त्याला दिली. दुसरीकडे बघून मला राहवलं नाही. ती मी मांडवामागे जाऊन स्वतःच्या अंगावर ओतली.

वर्षभराने ती फिल्म देगलूरच्या बाजारात पडदा लावून दाखवली. आपला पोरगा जिंकून आलाय हे त्याच्या वस्तादांना माहीत होतं. पडद्यावर तो हरताना दिसला. पोराने बाजारातच कबूल केलं, की नुरा होती, लातूरच्या पोराने पाणी देतो म्हणून ठरवली. वस्तादांचा विश्वास बसेना. म्हातारा एसटीने लातूरला आमच्या तालमीत आला. तालीम भरलेली होती.

"लेकरा, खरं सांग," ते म्हणाले. "तू ठरवलीस का?"

आमच्या भिंतीवर माझं नाव नुकतंच लिहिलं होतं. रंग अजून चिकट होता.

"मला न्हाई ठाऊक, वस्ताद," मी म्हणालो. "मी खरीच लढलो. त्यानं अंग सोडलं असंल."

आमच्या वस्तादांनी त्यांना पाणी पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही. त्या पोराचं नाव देगलूरच्या भिंतीवरून गेलं. नुरा खेळला आणि वर दुसऱ्यावर ढकलली, असं त्याच्याबद्दल लोक बोलू लागले. माझं नाव राहिलं. पुढे मी क्रीडाशिक्षक झालो. तीस वर्षं पोरांना खिलाडूवृत्ती शिकवली, त्यावर निबंधही लिहून घेतले.

मागच्या वर्षी मी देगलूरला गेलो. तो बाजारात मिरची विकतो. कान तसाच आहे, बाकी सगळं वाढलंय. मी कोण ते सांगितलं आणि न थांबता सगळं कबूल केलं. इतक्या वर्षांत ते मी पुष्कळदा पाठ केलं होतं. मिरचीचा ठसका लागून मध्ये दोनदा थांबावं लागलं. तो पोतं शिवत ऐकत होता.

"हाव," तो म्हणाला. "आन् बादली एकच दिली."

मी म्हणालो, "दुसरी मी घेतली."

"ठाऊक हाय. तुमचं डोकं वलं दिसत होतं." त्याने दाभण पोत्यात खोचली. "मला सांगून काय फायदा? मला ते ठाऊकच हाय. चला तालमीत."

जुने वस्ताद कधीच वारले. आताचे वस्ताद आम्हा दोघांपेक्षा वीस वर्षांनी लहान. ते शेंगदाणे खात बसले होते, पोरं जोर काढत होती. मी पोरांसमोर उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी बादलीचंही सांगितलं. एक पोरगा हसला, त्याला वस्तादांनी वीस जोर जास्त दिले.

मग ते म्हणाले, "काका, नुरा एकट्याची नसती. ह्यांना बाहेर काढलं ते बरोबरच होतं. पण तुमी ऱ्हाऊन गेलात."

मी मान हलवली.

"ह्यांचं नाव लिव्हायचं का, ते बघू. आधी हौदा उकरा. दोघं बी."

तालमीत चुकलेल्या पोराला हीच शिक्षा असते. मातीचा हौदा खोल उकरायचा, ढेकळं फोडायची. आम्हाला एकेक फावडं मिळालं. मी चप्पल काढली. तो हौद्याच्या कडेशी थोडा थांबला, मग उजवा पाय आधी मातीत ठेवून त्याने ती कपाळाला लावली. चाळीस वर्षांनी लावत होता.

माझी कंबर पहिल्याच ओळीला धरली. त्याने माझ्याकडे बघितलं.

"अर्ध्यात थांबू नका, गुरुजी," तो म्हणाला. "ह्या बारीला निम्मं तुमचं हाय."